बोझजाआदाच्या ग्रीक मोहल्ल्यात मुक्काम: खोली ठरवण्यापासून परतीच्या फेरीपर्यंत

तुर्कीच्या वायव्य किनाऱ्यासमोर, ट्रॉयच्या अवशेषांच्या नैर्ऋत्येला, बोझजाआदा नावाचं बेट आहे. ग्रीक त्याला तेनेदोस म्हणतात. ट्रॉयच्या कथेत लाकडी घोडा मागे ठेवून ग्रीकांचं आरमार ज्या बेटाआड दडून बसलं, ते हेच. बेटावर गाव एकच आणि गावाचे मोहल्ले दोन. बंदरात शिरताना उजव्या हाताला किल्ला दिसतो. त्याच्या मागे पसरलेला तो ग्रीक मोहल्ला, तुर्कीत ‘रूम महालेसी’. इथल्या ‘रूम’चा खोलीशी संबंध नाही. पूर्व रोमन साम्राज्याचा वारसा सांगणाऱ्या ग्रीकभाषकांना तुर्कीत रूम म्हणतात आणि ‘महाले’ म्हणजे आपला मोहल्लाच. १८७४च्या आगीत हा भाग जळाला आणि नंतर आखून बांधला गेला. म्हणून इथल्या गल्ल्या सरळ, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या आहेत. शेजारच्या तुर्की मोहल्ल्यातल्या गल्ल्या मात्र वाट फुटेल तशा वळतात.

१९२३च्या लोझान करारासोबत ग्रीस आणि तुर्कीने तुर्कीतले ग्रीक आणि ग्रीसमधले मुसलमान यांची सक्तीची अदलाबदल केली. त्यातून इस्तंबूलचे ग्रीक आणि इम्ब्रोस व तेनेदोस या दोन बेटांवरचे ग्रीक वगळले गेले, म्हणून इथली वस्ती टिकली. पुढे १९६४मध्ये बेटांवरच्या ग्रीक शाळा बंद झाल्या आणि घरामागून घर रिकामं होत गेलं. आज इथे मोजकीच ग्रीक कुटुंबं उरली आहेत. ओस पडलेल्या घरांची डागडुजी करून त्यांत पाच-सात, फार तर बारा-पंधरा खोल्यांची हॉटेलं उभी राहिली. तुर्कीत त्यांना ‘बुतिक ओतेल’ म्हणतात.

तुम्ही ज्यात राहणार आहात ते मुळात कुणाचं तरी घर होतं, ही गोष्ट आरक्षण करताना विसरू नका. घरातल्या दोन खोल्या कधी सारख्या नसतात. एकाच दाराआड एक खोली स्वर्ग असते आणि दुसरीत रात्रभर डोळा लागत नाही. म्हणून नुसतं हॉटेल निवडून थांबू नका, खोली निवडा.

आधी तारखा

बरीचशी हॉटेलं एप्रिल-मेपासून ऑक्टोबरपर्यंत चालतात. हिवाळ्यात मोहल्ला जवळजवळ बंद असतो. जुलै-ऑगस्टमध्ये इस्तंबूलची माणसं इथे लोटतात. त्यांच्या शाळांना सुट्टी असते, आणि शनिवार-रविवारी तर गल्लीत टेबलांमधून वाट काढावी लागते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत किंवा सप्टेंबरात जावं. सप्टेंबर आम्हाला जास्त पसंत: समुद्र त्यातल्या त्यात उबदार असतो, द्राक्षांची तोडणी चालू असते आणि शाळा उघडल्याने गर्दी ओसरलेली असते. शक्य असेल तर रविवार ते गुरुवार रात्री धरा. त्याच खोलीचा भाव शुक्रवार-शनिवारपेक्षा कमी असतो आणि हव्या त्या खोलीवर बोट ठेवता येतं.

तीन गोष्टी कॅलेंडरवर तपासून घ्या. पहिली, रमझान आणि कुर्बान हे दोन बायराम. चांद्र कालगणनेमुळे ते दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. त्या आठवड्यात किमान तीन रात्रींची अट लागते आणि फेरीवर, म्हणजे बेटावर नेणाऱ्या बोटीवर, गाड्यांच्या रांगा लागतात. दुसरी, २६ जुलै: आयाझ्मा इथल्या संत पारास्केवीच्या देवळाची ग्रीक जत्रा. बेट सोडून गेलेले ग्रीक आणि त्यांची मुलं-नातवंडं त्या दिवसासाठी परत येतात. तेव्हा मोहल्ला खऱ्या अर्थाने त्यांचा असतो. हा सोहळा पाहायचा असेल तर खोली कित्येक महिने आधी घ्या. तिसरी, सप्टेंबरच्या सुरुवातीचा द्राक्षतोडणीचा उत्सव, तेव्हाही खोल्या भरतात.

मुक्काम किमान दोन रात्रींचा, खरं तर तीनचा हवा. एका रात्रीसाठी आलेल्या माणसाचा अर्धा वेळ फेरी धरण्यातच जातो.

खोली कशी निवडायची

पुण्या-साताऱ्याचा जुना वाडा पाहिलेल्याला इथलं घर लगेच समजतं. खालचा मजला दगडी, भिंती हातभर जाड, खिडक्या लहान. वरचा मजला लाकडी सांगाड्याचा, भिंती पातळ, आणि गल्लीवर पुढे आलेला बंदिस्त सज्जा. त्याला तुर्कीत ‘जुम्बा’ म्हणतात. मागे किंवा मधे अंगण असतं, ‘आवलू’. वर जायला अरुंद, उभा लाकडी जिना. लिफ्ट नाही आणि होणारही नाही, कारण गाव संरक्षित वारसा क्षेत्रात मोडतं आणि जुन्या घरांत मनासारखी तोडफोड करता येत नाही.

तळमजल्याची खोली भर उन्हाळ्यातही गार असते, एसी क्वचितच लावावा लागतो. पण खिडकी गल्लीच्या पातळीला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेसमोर असते. त्यामुळे पडदा दिवसभर ओढलेला राहतो आणि खोलीत उजेड येत नाही. मे किंवा ऑक्टोबरात या खोल्यांत ओल जाणवते, कपडे दमट लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी मात्र हीच खोली घ्यावी. जिन्याच्या पायऱ्या उंच असतात आणि रात्री उतरताना खरंच धोका असतो.

पहिल्या मजल्यावरची जुम्बाची खोली सगळ्यांत देखणी. फोटोत तीच असते. सज्जात बसून सकाळी चहा घ्यायला तिच्यासारखी जागा नाही. पण खाली मेयहाने, म्हणजे खाण्यापिण्याचं ठिकाण असेल तर हंगामात मध्यरात्रीपर्यंत काट्या-चमच्यांचा आणि गाण्यांचा आवाज थेट उशीपर्यंत येतो. लाकडी चौकट आवाज अडवत नाही. डोक्यावर आणखी एक खोली असेल तर वरच्याचं प्रत्येक पाऊल मोजता येतं.

पोटमाळ्याची खोली स्वस्त पडते. छत उतरतं असल्याने उंच माणसाचं डोकं आपटतं, आणि दुपारच्या उन्हाने छत तापलं की रात्री उशिरापर्यंत गरम राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये टाळा, मेमध्ये चालेल.

अंगणाकडची खोली बहुतेकांना सगळ्यांत सुखाची. उजेड थोडा कमी, झोप पूर्ण. फक्त सकाळी नऊला अंगणातच न्याहारीची टेबलं लागतात. उशिरापर्यंत लोळायचं असेल तर टेबलं खिडकीपासून किती लांब आहेत ते विचारा.

आणखी एक गफलत नेहमी होते. काही हॉटेलांनी दोन-तीन गल्ल्या सोडून दुसरं घरही घेतलेलं असतं. फोटो जुन्या घराचे आणि खोली नव्या घरात, असं होतं. तेव्हा ‘खोली आना बिनामध्ये आहे का?’ असं स्पष्ट विचारा. ‘आना बिना’ म्हणजे मुख्य इमारत.

हॉटेलला थेट संदेश पाठवून पुढचे प्रश्न विचारा. लहान हॉटेलांत उत्तर बहुधा मालक स्वतः देतात, इंग्रजीत विचारलं तरी चालतं.

१. आम्हाला नेमकी कोणती खोली मिळेल? तिचा क्रमांक किंवा नाव आणि त्याच खोलीचा, न्हाणीघराचा आणि जिन्याचा फोटो पाठवाल का?
२. खिडकी गल्लीकडे आहे की अंगणाकडे? खाली किंवा समोर मेयहाने आहे का?
३. एक मोठा पलंग आहे की दोन वेगळे? तिसरा पलंग टाकला तर बॅग उघडायला जागा उरते का?
४. लहान मुलं चालतात का? (बारा वर्षांखालच्यांना न घेणारी हॉटेलं इथे बरीच आहेत. दारात जाऊन कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.)
५. खिडकीला जाळी, खोलीत एसी आणि छोटा फ्रीज आहे का?
६. सांगितलेला दर लिरात आहे की युरोत, न्याहारी धरून आहे का?
७. वाऱ्यामुळे फेरी बंद पडली आणि आम्ही पोहोचू शकलो नाही तर पैशांचं काय?

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि भांडण नेमकं त्यावरूनच होतं. बरेच मालक पैसे परत देण्याऐवजी पुढची तारीख देतात. जे काही ठरेल ते लेखी घ्या.

पैसे आणि कागद

लहान हॉटेलं आगाऊ रक्कम मागतात, तिला ‘कापोरा’ म्हणतात. ती बहुधा एका रात्रीची किंवा निम्मी असते. तुर्की पाहुणे बँकेतून पाठवतात. भारतातून परदेशी बँक खात्यात पैसे पाठवायला वेळ आणि शुल्क दोन्ही लागतं, म्हणून कार्डाने भरायची लिंक मागा. लिराचा भाव सतत घसरत असतो, त्यामुळे बरेच जण दर युरोत ठरवतात आणि जायच्या दिवशीच्या भावाने लिरात घेतात. कोणत्या दिवसाचा भाव धरणार ते आधीच ठरवून घ्या. तुर्कीत २०२३पासून मुक्कामावर दोन टक्के कर आहे. तो दरात धरलाय की वेगळा लागणार, हेही विचारा.

आरक्षणं भारतात असतानाच उरका. एका मोठ्या परदेशी आरक्षण-साइटवर २०१७मध्ये तुर्की न्यायालयाने बंदी घातली. त्यानंतर तुर्कीत बसून त्या साइटवर तुर्कीतली हॉटेलं दिसेनाशी झाली आणि प्रवासी गोंधळले.

व्हिसाचं असं: भारतीय पारपत्रावर अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा अथवा निवास परवाना असेल तरच ई-व्हिसा मिळतो, एकदा प्रवेशाचा आणि तीस दिवसांचा. नसेल तर पारपत्रावर चिकटवायचा व्हिसा काढावा लागतो आणि त्या अर्जाला हॉटेलचं आरक्षण जोडावं लागतं. तेव्हा व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल असंच आरक्षण घ्या. अर्जातल्या तारखा आणि आरक्षणातल्या तारखा जुळल्या पाहिजेत, बेटावरच्या तीन रात्रींसकट.

पोहोचणं

मुंबईहून इस्तंबूलला थेट विमान आहे. उतरल्या दिवशीच बेट गाठायचा हट्ट धरू नका. इस्तंबूलहून चानाक्काले बसने पाच-सहा तास, तिथून गेयिक्ली मिनीबसने साधारण तासभर, आणि गेयिक्लीच्या धक्क्यावरून फेरीने अर्धा-पाऊण तास. २०२२मध्ये दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीवर पूल झाल्यापासून गाडीने येणाऱ्यांचा वेळ वाचतो. चानाक्कालेत एक रात्र काढून सकाळी निघालात तर वाटेत ट्रॉय आणि २०१८मध्ये उघडलेलं तिथलं संग्रहालय पाहून दुपारच्या फेरीने बेटावर जाता येतं. क्रम असाच ठेवावा असं आम्ही सुचवू.

गेयिक्लीचं गाव आणि फेरीचा धक्का वेगवेगळे आहेत. मिनीबसवाल्याला ‘इस्केले’ म्हणजे धक्का असं सांगा, नाहीतर गावच्या चौकात उतराल. फेरी गेस्ताश ही कंपनी चालवते. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, म्हणून आदल्या रात्री त्यांच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहा. पायी जाणाऱ्याला सहसा अडचण येत नाही. गाडी असेल तर शुक्रवारी संध्याकाळी जाताना आणि रविवारी दुपारी परतताना रांगेचा वेळ धरा. धक्क्यावर मिळालेलं तिकीट परत येईपर्यंत जपून ठेवा.

धक्क्यापासून मोहल्ल्यातलं कुठलंही हॉटेल पायी पाच ते दहा मिनिटांवर. पण गल्ल्यांत गोट्यांची फरसबंदी आहे आणि चाकांची मोठी बॅग त्यावर खडखडत अडकते, चाक निखळतंसुद्धा. मोठी बॅग इस्तंबूल किंवा चानाक्कालेच्या हॉटेलात ठेवून पाठीवरच्या पिशवीत तीन दिवसांचे कपडे घ्या. जिना आठवा: ती बॅग वर तुम्हालाच न्यायची आहे.

खोलीत पहिला अर्धा तास

खोली बहुधा दुपारी दोनला मिळते. आधी पोहोचलात तर सामान ठेवून घेतात. सगळ्या प्रौढांची पारपत्रं मागतील. तुर्की कायद्याप्रमाणे प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांच्या यंत्रणेत करावी लागते. नोंद झाली की पारपत्र परत घ्या.

मग सामान उघडण्याआधी या गोष्टी पाहा. गरम पाण्याचा नळ सोडून दोन मिनिटं थांबा. बऱ्याच घरांत पाणी छपरावरच्या सौर टाकीतून येतं. संध्याकाळी सगळे पाहुणे समुद्रावरून एकदम परतले की टाकी रिकामी होते. म्हणून अंघोळ सहाच्या आधी उरका किंवा रात्री नऊनंतर करा. टाकी पुन्हा तापायला वीज आहे का ते विचारून घ्या. खिडकीची कडी लागते का, ते बघा. इथे रात्री वारा उठला की सैल झडप उघड-मीट करत राहते. कडी ढिली असेल तर तेव्हाच सांगा, कागदाची घडी कोंबून ती बसवण्याची युक्ती तिथल्या प्रत्येकाला येते. वायफाय खोलीत येतंय का पाहा. दगडी भिंतीपुढे त्याचं काही चालत नाही, अंगणात मात्र हमखास मिळतं.

शौचकुपात कागद टाकू नका. जुन्या गल्ल्यांतले सांडपाण्याचे नळ अरुंद आहेत, तुंबतात. शेजारी झाकणाची बादली असते, कागद तिच्यात. आपल्याला मात्र इथे एक सुख आहे. तुर्कीतल्या शौचकुपाला मागच्या बाजूने पाण्याची बारीक तोटी बसवलेली असते आणि तिचा नळ भिंतीवर उजव्या हाताला असतो. नळ हळूच उघडा, दाब बराच असतो.

भारतातले बारीक दोन पिनांचे चार्जर बहुधा बसतात, तीन पिनांचा प्लग बसत नाही. गोल दोन पिनांचा अडॅप्टर घरूनच घ्या. पिण्यासाठी बाटलीचं पाणी घ्यावं. घड्याळ भारताच्या अडीच तास मागे, उन्हाळा असो वा हिवाळा.

समुद्रावरून आलात की पाय अंगणातल्या नळावर धुऊन मगच आत जा. वाळू न्हाणीघराच्या जाळीत बसते आणि दुसऱ्या दिवशी पाणी खोलीत येतं. मालकांची पाहुण्यांबद्दल सगळ्यांत मोठी तक्रार हीच असते.

न्याहारी आणि शाकाहारी माणसाचं जेवण

या मुक्कामातला खरा आनंद न्याहारीत आहे. साधारण नऊ ते अकरा, अंगणात, द्राक्षवेलीच्या सावलीत. टेबलावर दहा-पंधरा बश्या येतात: दोन-तीन प्रकारचं चीज, काळे-हिरवे ऑलिव्ह, टोमॅटो-काकडी, मध, घट्ट साय, चिजाचं सारण भरून तळलेल्या सुरळ्या, अंडी आणि पाव. पाव मागाल तितका. चहा लहान काचेच्या पेल्यात, बिनदुधाचा. दोन पेल्यांवर कुणी थांबत नाही.

त्या बश्यांत लालबुंद, काचेसारखा चकाकणारा मुरंबा दिसेल. तो टोमॅटोचा, या बेटाची खूण. बोटाच्या पेराएवढे लहान टोमॅटो सोलून अख्खेच पाकात शिजवतात, काही घरांत आत एकेक बदाम भरलेला असतो. शिजूनही ते विरघळत नाहीत, कारण आधी चुन्याच्या निवळीत ठेवलेले असतात, आपल्याकडे कोहळ्याच्या पेठ्याला ठेवतात तसेच. वरचा पापुद्रा दाताखाली किंचित कुरकुरतो आणि आतून पाक फुटतो. मिठाळ पांढऱ्या चिजाच्या तुकड्यावर ठेवून खा. नुसता खाल्ला तर गोडमिट्ट लागतो.

सकाळच्या पहिल्या फेरीने निघणार असाल तर आदल्या रात्री सांगा, न्याहारी बांधून देतात. ऐन वेळी सांगून काही होत नाही, कारण पाव सकाळी येतो.

संध्याकाळी मेयहानेत शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही, पण नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. काचेच्या थंड कपाटात मेझे, म्हणजे लहान बश्यांतले पदार्थ मांडलेले असतात. उठून तिथे जा आणि बोटाने दाखवून निवडा. मागवण्याची रीतच ती आहे. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांना ‘झेयतिनयाअली’ म्हणतात. त्या बहुधा बिनमांसाच्या आणि थंडच खायच्या: फरसबी, आर्टिचोक, भात भरलेली द्राक्षाची पानं. भोपळ्याच्या फुलात भात भरून केलेली ‘चिचेक दोल्मासी’ मिळाली तर सोडू नका. दोघांना चार-पाच थंड बश्या आणि एखादा गरम पदार्थ पुरतो. सगळं एकदम मागवू नका.

फसगत होते ती सूप आणि भातात. मसुराचं सूप दिसायला शुद्ध शाकाहारी, पण बऱ्याच ठिकाणी ते, आणि भातही, मांसाच्या पाण्यात शिजवतात. विचारा, ‘एत सुयू वार म?’ म्हणजे मांसाचं पाणी आहे का? ‘एत येमियोरुम’ म्हणजे मी मांस खात नाही. कोंबडी आणि मासा त्यात येत नाहीत असं समजणारे पुष्कळ, म्हणून ‘ताव्हुक, बालिक दा’ अशी जोड द्या. अंडं खात नसाल तर ‘युमुर्ता येमियोरुम’. मासे खाणाऱ्यांनी ताज्या मासळीचा भाव किलोला विचारून, समोर वजन करून घ्यावा. बिल मागताना आपलाच शब्द कामाला येतो: ‘हेसाप’, म्हणजे हिशेब. साबण तिथे ‘साबुन’, पडदा ‘पेर्दे’, पनीर ‘पेयनिर’ आणि हवा ‘हावा’च.

बेटाची वाईन प्रसिद्ध आहे: कारालाह्ना आणि कुंत्रा या काळ्या द्राक्षांची लाल, वासिलाकीची पांढरी. दुकानांत रात्री दहानंतर दारू विकायला कायद्याने बंदी आहे, खोलीत न्यायची बाटली आधी घ्या. नाशिक-सांगलीकडच्या माणसाला इथल्या बागा पाहून नवल वाटेल. मांडव नाही, तारा नाहीत. वेली गुडघ्याएवढ्या झुडपासारख्या जमिनीलगत राखतात. उंच वाढवल्या तर वारा टिकू देणार नाही.

दिवस वाऱ्याला विचारून ठरवा

न्याहारीच्या वेळी मालकांना विचारायचा प्रश्न एकच: आज कुठला वारा? ‘पोयराझ’ हा ईशान्येचा. उन्हाळ्यात बहुतेक दिवस तोच असतो, कोरडा आणि गार. तो वाहत असेल तर दक्षिणेचे किनारे शांत असतात: आयाझ्मा, सुलुबाहचे, हाब्बेले. ‘लोदोस’ हा नैर्ऋत्येचा, दमट. तो सुटला की हेच किनारे खवळतात आणि उत्तरेचं चायर बरं पडतं. हे न विचारता निघालेली माणसं तोंडात वाळू घेऊन तासाभरात परततात. आयाझ्माचं पाणी ऑगस्टमध्येही गार लागतं, कोकणच्या समुद्राची सवय असलेल्याला पहिली बुडी जड जाते. लहान मुलांना दुपारनंतर पाण्यात न्या.

किनाऱ्यांवर जायला बंदराजवळून मिनीबस सुटतात. सूर्यास्त पाहायला लोक पश्चिम टोकाच्या पोलेन्ते दीपगृहापाशी, पवनचक्क्यांच्या रांगेत जातात. गार वारा फार असतो, स्वेटर हवाच.

शेजारधर्म

मोहल्ल्यात माणसं राहतात. उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसलेल्या आजीचा फोटो न विचारता काढू नका. नजरेने विचारलंत तरी कळतं. दारासमोरच्या पायऱ्यांवर बसून खाऊ नका, त्या कुणाच्या तरी घरात शिरण्याच्या पायऱ्या आहेत. मोहल्ल्याच्या मधोमध कुमारी मरियमचं देऊळ आणि त्याचा उंच घंटामनोरा आहे. दार बहुधा बंद असतं, प्रार्थनेच्या वेळीच उघडतं. तेव्हा गेलात तर खांदे-गुडघे झाकलेले असावेत आणि मागच्या बाकावर बसावं. घरांच्या जुन्या कमानीवर कोरलेली ग्रीक अक्षरं आणि वर्ष दिसतं का ते पाहत चला. मालकांना विचारलंत की हे घर आधी कोणाचं होतं, तर पुष्कळ जण कौतुकाने सांगतात. काहींच्या घरी आधीच्या कुटुंबाची नातवंडं येऊन राहूनही जातात.

रात्री अकरानंतर अंगणात आवाज खाली आणा. दगडी चौकात कुजबुजसुद्धा वर चढते.

परतीची फेरी

खोली बहुधा अकरा-बाराला सोडावी लागते, सामान संध्याकाळपर्यंत ठेवू देतात. आदल्या रात्री तीन गोष्टी करा: हिशेब चुकता करा (कार्डाचं यंत्र सकाळी बंद असण्याची शक्यता असते, थोडे लिरा जवळ असू द्या), उद्याची फेरी तपासा आणि वारा विचारा. लोदोसचा जोर वाढला की गेयिक्लीच्या उघड्या धक्क्याला फेरी लागू शकत नाही आणि फेऱ्या रद्द होतात, कधी काही तास, कधी दिवसभर. मे आणि ऑक्टोबरात ही शक्यता जास्त. म्हणून बेट सोडल्या दिवशीच रात्रीचं मुंबईचं विमान ठेवू नका. मधे एक रात्र चानाक्काले किंवा इस्तंबूलची ठेवा. ती बेटावर अडकल्यावर वाढवाव्या लागणाऱ्या रात्रीपेक्षा आणि बुडालेल्या विमान-तिकिटापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

फेरी रद्द झालीच तर धक्क्यावर ताटकळू नका. आधी हॉटेलला फोन करून खोली आणखी एका रात्रीसाठी धरायला सांगा, कारण तासाभरात अडकलेले सगळेच खोली शोधायला लागतात. मग धक्क्यावरच्या तिकीट-खिडकीत पुढची फेरी विचारा.